लेखन प्रत्येक विषयाच्या वर्गात शिकवू या: खान्देशातल्या सहकारी प्राध्यापकांना खुले पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या वरिष्ठ महाविद्यालयांत विज्ञान, वाणिज्य आणि मानव्यविद्या शिकवणारे माझे सर्व सहकारी,
तसेच आपल्यापैकी अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळांवर काम करणारे सदस्य

सप्रेम नमस्कार.

नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर आपल्या पदवी अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आले, ऑन जॉब ट्रेनिंग आलं, समाजसहभागाचे उपक्रम आले. २० एप्रिल २०२३ चा शासन निर्णय आपण वाचला, क्रेडिटची कोष्टकं जुळवली, वर्कलोडवरून बैठकांमध्ये तास घालवले. त्या गडबडीत एक प्रश्न कुणी विचारलाच नाही. यातल्या जवळपास प्रत्येक उपक्रमाच्या शेवटी विद्यार्थ्याने अहवाल लिहायचा आहे. तो कसा लिहायचा, हे त्याला शिकवायचं कुणी?

विज्ञानाच्या स्टाफरूममध्ये उत्तर मिळतं की भाषेचं काम भाषेच्या विभागाने करावं. भाषेच्या विभागातले सहकारी म्हणतात, आम्ही निबंध आणि पत्रलेखन शिकवतो, रसायनशास्त्राच्या प्रयोगातलं टायट्रेशनचं निरीक्षण कसं मांडायचं हे आम्हाला कसं ठाऊक असणार? दोघांचंही खरं आहे. पण या दोन खऱ्या उत्तरांच्या मध्ये आपला विद्यार्थी तीन-चार वर्षं उभा राहतो आणि न शिकताच पदवी घेऊन बाहेर पडतो. म्हणून हे पत्र.

मी यावल-रावेर पट्ट्यातल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. परीक्षेचे दिवस जवळ आले की टेबलावर स्पायरल बाइंडिंगच्या फाइल्स चढत जातात. सोनेरी अक्षरांचं कव्हर, प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके, निष्कर्ष, संदर्भसूची. वनस्पतिशास्त्राच्या जागी तुमच्याकडे दालमिल उद्योगाचा अभ्यास असेल, गिरणा खोऱ्यातलं सिंचन असेल, सातपुड्यातलं स्थलांतर असेल. सांगाडा तोच आणि पुष्कळदा वाक्यंही तीच. त्या फाइलमध्ये विद्यार्थी स्वतः कुठे गेला, काय पाहिलं, काय बघून थबकला, हे शोधूनही सापडत नाही.

एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण सगळा मुद्दा त्यात आहे. तृतीय वर्षाच्या एका मुलाने केळीवरच्या सीएमव्हीवर (कुकुंबर मोझॅक व्हायरस), म्हणजे आपल्याकडे ज्याला हरण्या म्हणतात त्या विषाणूजन्य रोगावर, प्रकल्प घेतला होता. त्याचा अहवाल उघडला तर पहिलं पान केळीचं मूळ आग्नेय आशियात कसं आहे याचं. मग जागतिक उत्पादन, मग केळीतली पोषणमूल्यं, मग विषाणूची इंग्रजी पुस्तकातली व्याख्या, तीही अर्धवट भाषांतरित. निष्कर्ष असा, की शेतकऱ्यांनी वेळीच उपाययोजना केल्यास रोगावर नियंत्रण मिळवता येते. हे वाक्य भारतातल्या कुठल्याही पिकावरच्या कुठल्याही रोगाच्या अहवालात चालेल.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, तो समोर बसला तेव्हा मी फाइल मिटली आणि विचारलं, तुझ्या घरच्या बागेत लागण झाली होती का? मग तो बोलू लागला. ऑगस्टमध्ये सलग झड लागली आणि ऊन दिसेनासं झालं, तेव्हा पानांवर पिवळसर पट्टे पहिल्यांदा दिसले. सुरुवात बागेच्या मधून झाली नाही, पूर्वेकडच्या कडेच्या ओळींपासून झाली, कारण बांधापलीकडे काकडीचा मळा होता. वडिलांनी रोगट झाडं मुळासकट काढून पुरली. शेजारच्या बागेत ती उपटून बांधावर तशीच टाकून दिली होती. पुढच्या महिन्याभरात दोन्ही बागांमध्ये फरक पडला, आणि तो त्याने झाडं मोजून पाहिला होता. मावा हा रोग पसरवतो, काकडीवर्गीय पिकांवर हा विषाणू राहतो, ढगाळ आणि दमट हवेत त्याचा जोर वाढतो, हे सगळं पुस्तकात आहे. त्या मुलाने ते स्वतःच्या शेतात घडताना पाहिलं होतं आणि तुलनेसाठी शेजारचं शेतही त्याच्यासमोर होतं. यातली एकही गोष्ट अहवालात नव्हती.

मी विचारलं, हे का नाही लिहिलंस? तो म्हणाला, "मॅडम, ते तर घरचं आहे. प्रोजेक्टमध्ये तसं लिहितात का?"

त्याच्या या उत्तराबद्दल मला त्याच्यावर राग आला नाही. त्याला रोग समजला होता, कारण समजलं होतं, तुलना करता येत होती. फक्त हेच वनस्पतिशास्त्र आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पूर्वेकडची ओळ, काकडीचा मळा, पुरलेली आणि बांधावर टाकलेली झाडं, या तीन गोष्टी एका परिच्छेदात नीट जोडणं हाच त्याच्या प्रकल्पाचा गाभा होता. तो परिच्छेद लिहिता लिहिता त्याला पुढचे प्रश्नही पडले असते. लागण खरंच काकडीकडून आली, की रोपंच रोगट आली होती? तसं असतं तर ती एका कडेलाच का दिसली? बागेत उभं राहून हे प्रश्न सुचत नाहीत. कागदावर एक वाक्य दुसऱ्या वाक्याला जोडायला बसलं की ते सुचतात. म्हणूनच मला वाटतं की विषय शिकवणं आणि त्या विषयात लिहायला शिकवणं ही दोन वेगळी कामं नाहीत, आणि हे काम दुसऱ्या विभागाकडे ढकलता येणार नाही.

हा पेच फक्त आपल्याकडचा आहे असं मात्र समजू नका. हार्वर्डने १८८५ मध्ये पहिल्या वर्षाला इंग्रजी लेखनाचा सक्तीचा अभ्यासक्रम ठेवला आणि अमेरिकेतल्या बाकी विद्यापीठांनी तोच कित्ता गिरवला. एकदा पहिल्या वर्षी लिहायला शिकवलं की झालं, अशी ती समजूत होती. ती अपुरी आहे हे मोठ्या प्रमाणावर कळायला विसाव्या शतकाची सत्तरी उजाडावी लागली. १९६९-७० मध्ये आयोवा राज्यातल्या पेला या छोट्या गावच्या सेंट्रल कॉलेजमध्ये बार्बरा वॉलव्हूर्ड यांनी वेगवेगळ्या विषयांच्या सहकाऱ्यांना एकत्र बसवलं आणि विद्यार्थ्यांचं लेखन समोर ठेवून चर्चा सुरू केली. ना मोठं विद्यापीठ, ना मोठा निधी. आपल्या तालुक्याच्या कॉलेजसारखंच एक कॉलेज. सर्व विषयांतून लेखन शिकवण्याच्या चळवळीचा उगम बरेच जण तिथे मानतात.

त्याच सुमाराला लंडनमध्ये जेम्स ब्रिटन आणि त्यांचे सहकारी शाळांमधल्या मुलांचे सुमारे दोन हजार लेखननमुने गोळा करून वाचत होते. १९७५ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जवळपास निम्मं लेखन परीक्षक म्हणून बसलेल्या शिक्षकासाठीच होतं, असं त्यात दिसलं. म्हणजे ज्याला उत्तर आधीच माहीत आहे, त्यालाच ते परत सांगायचं. स्वतः विचार करून पाहण्यासाठी, चाचपडण्यासाठी केलेलं लेखन अगदी थोडं होतं. हे वाचलं तेव्हा मला आपली प्रॅक्टिकल जर्नल्स आठवली. मागच्या बॅचच्या जर्नलवरून उतरवलेली, पेन्सिलीने सुबक आकृती काढलेली, दर पानावर आपली सही असलेली. त्या सहीचा अर्थ 'पूर्ण' एवढाच असतो.

पुढे मोठ्या विद्यापीठांनी आपापल्या रीती बसवल्या. अमेरिकेतल्या एमआयटीने २००१ पासून प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक पदवी विद्यार्थ्याला लेखन आणि सादरीकरणावर भर असलेले चार विषय घेणं बंधनकारक केलं, आणि त्यातले दोन त्याच्या मुख्य शाखेतलेच असतात. यंत्र-अभियांत्रिकीचा विद्यार्थी यंत्र-अभियांत्रिकीतच लिहायला शिकतो. आपल्या देशात सोनीपतच्या अशोका विद्यापीठात स्वतंत्र लेखन केंद्र आहे. या संस्थांची साधनं आपल्याकडे नाहीत, आणि मी त्यांच्यासारखं व्हायला सांगतही नाही. पण अमेरिकेतल्याच मिनेसोटा विद्यापीठात २००७ पासून जे चालू आहे, त्याला पैसा कमी आणि विचार जास्त लागतो, म्हणून ते मला जवळचं वाटतं. तिथे लेखन केंद्रातले लोक प्रत्येक विभागाला ठरावीक पुस्तक देत नाहीत. ते विभागालाच विचारतात: तुमच्या विषयात चांगलं लेखन कशाला म्हणायचं? पदवी घेताना विद्यार्थ्याला काय काय लिहिता आलं पाहिजे? आणि ते तुम्ही नेमकं कोणत्या वर्षी, कोणत्या पेपरात शिकवता? उत्तरं विभागाची, आराखडाही विभागाचाच.

हे तीन प्रश्न आपण स्वतःला विचारून पाहू. माझ्या विषयापुरतं सांगायचं तर पहिली गोष्ट, डोळ्यांना दिसलेलं आणि बुद्धीने काढलेलं वेगळं ठेवता आलं पाहिजे. 'कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या' हे निरीक्षण झालं. 'लोहाची कमतरता' हे अनुमान झालं. आपले विद्यार्थी पहिलं गाळून थेट दुसरं लिहितात आणि मग चुकीच्या अनुमानाला सावरायला हातात काहीच उरत नाही. हा फरक शिकवायला मराठी व्याकरण लागत नाही, वनस्पतिशास्त्र लागतं.

रसायनशास्त्रात द्रावण किती मिली घेतलं, किती अंशांवर, किती वेळ, हे इतकं नेमकं हवं की दुसऱ्या कुणाला तोच प्रयोग जसाच्या तसा करता यावा. वाचणाऱ्याला प्रयोग करता आला नाही तर ते लेखन फसलं, मग भाषा कितीही शुद्ध असो. गणितात 'समजा', 'म्हणून', 'आणि उलट' हे शब्द कुठे आले, कशाच्या जोरावर आले, यावर सिद्धता उभी असते. गणिताचे सहकारी मला सांगतात की मुलं समीकरणांची चळत लिहितात आणि मधले शब्द खाऊन टाकतात. ते शब्द म्हणजेच सिद्धता आहे, हे गणिताच्या शिक्षकाशिवाय दुसरं कोण सांगणार?

इतिहासाचं तर विचारूच नका. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळासारखी संस्था आपल्या दाराशी आहे. कागद कुठला, कुणी कुणाला लिहिलेला, कधीचा, लिहिणाऱ्याचा हेतू काय असेल, याला विरोध करणारा दुसरा कागद आहे का, हे प्रश्न विचारत लिहिणं म्हणजे इतिहास लिहिणं. आपला बी.ए.चा विद्यार्थी एकही मूळ कागद न पाहता 'कारणे व परिणाम' लिहून मोकळा होतो. वाणिज्यात नफा-तोटा पत्रकाचे आकडे टेबलात असतात आणि खाली लिहिलेलं असतं, 'वरील तक्त्यावरून असे दिसते की विक्रीत वाढ झाली आहे.' वाढ झाली हे तर तक्ता सांगतोच. तुरीचे भाव चढले म्हणून रकमेत वाढ दिसते, की खरंच जास्त क्विंटल माल विकला गेला? हे वेगळं काढून चार वाक्यांत सांगता येणं म्हणजे बी.कॉम. होणं. जळगावच्या दालमिलवाल्याला किंवा बँकेच्या कर्ज विभागाला असाच माणूस लागतो.

आता भाषेकडे येते, कारण खान्देशात तिला टाळून पुढे जाता येत नाही. आपल्या एका वर्गात घरी अहिराणी बोलणारी मुलं असतात, लेवा बोली बोलणारी असतात, जळगाव-भुसावळकडे उर्दू माध्यमातून आलेली असतात. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. अक्कलकुवा, धडगाव, नवापूरकडून येणाऱ्या मुलांच्या घरात भिली, पावरी, मावची. त्यांच्यासाठी प्रमाण मराठीही शाळेत शिकलेली भाषा, आणि बी.एस्सी.ला आलं की पुस्तक इंग्रजी. अशा मुलाला आपण म्हणतो, स्वतःच्या शब्दांत लिही. स्वतःचे शब्द लिहिले की ते 'अशुद्ध' ठरतात हे तो पहिलीपासून शिकत आलेला आहे. मग तो सुरक्षित रस्ता धरतो, छापलेलं उतरवतो. उतरवलेल्यात निदान लाल शेरा येत नाही.

उतरवण्याला आपण आळस म्हणतो. बहुतेक वेळा ती भीती असते, असं मी इतक्या वर्षांच्या अनुभवाने सांगू शकते. यावर एक उपाय मी वर्गात वापरते आणि तो चालतो. शेतातून, नर्सरीतून, नदीकाठावरून आल्यावर पहिलं टिपण कुठल्याही भाषेत लिहायचं. अहिराणीत लिहा, पावरीत लिहा, अर्धं मराठी अर्धं इंग्रजी लिहा, देवनागरीत नीट बसत नसेल तर जमेल तसं लिहा. त्या टिपणाला गुण नाहीत, शेरा नाही. दुसऱ्या दिवशी त्यातूनच मराठी किंवा इंग्रजी मसुदा करायचा. टिपणात 'कोसंबी' लिहिलेलं झाड इंग्रजी पुस्तकात श्लायकेरा ओलिओसा आहे, हे एखादी मुलगी मग स्वतः शोधते, कारण आता तिला त्या नावाची गरज असते. आधी सांगण्यासारखं काही हातात येतं, मग त्यासाठी भाषा. आपण नेमकं उलटं करत आलो आहोत.

तुम्ही म्हणाल, एका वर्गात शंभरावर मुलं, अर्ध्या जागा रिक्त, तासिका तत्त्वावरचे सहकारी तीन-तीन कॉलेजांत धावतात, त्यात नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या, फाइल्स. कोण तपासणार मसुदे? ही अडचण खरी आहे आणि तिला वळसा घालून मला पुढे जायचं नाही. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या माणसाकडून फुकट जादा काम काढून घ्यायला हे पत्र वापरलं जाऊ नये, अशी माझी स्पष्ट भूमिका आहे. मसुदा वाचणं हे अध्यापन आहे आणि ते वर्कलोडमध्ये धरलं गेलंच पाहिजे.

पण सगळं लेखन तपासावं लागतं, ही समजूतही सोडायला हवी. रिचर्ड हॅस्वेल नावाच्या प्राध्यापकांनी १९८३ मध्ये एक साधी रीत मांडली. चुका दुरुस्त करायच्या नाहीत, त्यांना नावंही द्यायची नाहीत. ज्या ओळीत चूक आहे, तिच्यासमोर समासात फक्त एक खूण करायची. विद्यार्थ्याने चूक शोधून स्वतः सुधारायची. त्यांच्या विद्यार्थ्यांनी सुमारे ६० टक्के चुका अशा स्वतःच दुरुस्त केल्या. म्हणजे नियम त्यांना माहीत होते, परत वाचायची सवय नव्हती. या रीतीत शिक्षकाचा वेळ वाचतो आणि तो वेळ आशयावरच्या एका नेमक्या शेऱ्यासाठी वापरता येतो. 'हे तू पाहिलंस की वाचलंस?' एवढा एक प्रश्न समासात लिहिला तरी पुढचा मसुदा बदलून येतो.

दुसरी रीत याहून सोपी. बर्कलीचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स श्वार्त्झ यांच्या नावाने ती ओळखली जाते. तास संपायला थोडा वेळ उरला की चतकोर कागदावर दोन उत्तरं लिहून घ्यायची: आज सगळ्यात महत्त्वाचं काय कळलं, आणि काय अजून कळलेलं नाही. शंभर चिठ्ठ्या नुसत्या चाळल्या तरी उद्याचा तास कुठून सुरू करायचा ते कळतं. गुण द्यायचे नाहीत, त्यामुळे तपासणं नाही. मात्र मुलांच्या हाताला रोज दोन वाक्यं स्वतःची लिहिण्याची सवय लागते. प्रकाशसंश्लेषणाच्या तासाला मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा बऱ्याच चिठ्ठ्यांत एकच प्रश्न आला: झाड रात्री मरत का नाही? परीक्षेत त्यांच्यातल्या बहुतेकांनी व्याख्या बरोबर लिहिली असती, आणि हा प्रश्न माझ्यापर्यंत कधीच पोहोचला नसता.

वाङ्मयचौर्याबद्दल थोडक्यात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या विनियमांनी साम्याच्या पातळ्या ठरवून दिल्या. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत एक पातळी, मग ६०, मग त्याहून जास्त. पीएच.डी.च्या प्रबंधाला आपण सॉफ्टवेअर लावतो. पण दुसऱ्याचं म्हणणं वाचून, पुस्तक मिटून, ते आपल्या वाक्यांत सांगणं आणि कुणाचं आहे ते नोंदवणं हे पदवीच्या पहिल्या वर्षाला कुठेच शिकवलं जात नाही. शिकवलंच नाही त्याचा दंड तेवढा आपण ठरवून ठेवला आहे. आणि आता मोबाइलवर कृत्रिम बुद्धिमत्ता मिनिटात अख्खा अहवाल लिहून देते. पकडायचं कसं, असं सगळे विचारतात. पकडापकडीत आपण हरणारच. ज्या कामात फील्डवरची वही, तारखेनिशी निरीक्षणं, पहिला मसुदा, त्यावरचे प्रश्न आणि दुसरा मसुदा, या सगळ्याला गुण आहेत, त्यात आयत्या अहवालाची किंमत आपोआप घटते. पूर्वेकडच्या ओळीपासून लागण सुरू झाली हे कुठल्याही यंत्राला ठाऊक नाही.

आणखी एक, वाचकाचं. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात साने गुरुजी मुलांसाठी छात्रालय दैनिक हाताने लिहून काढत असत, हे आपल्या सगळ्यांना अभिमानाने सांगता येतं. शंभर वर्षांपूर्वी आपल्याच मातीत एका शिक्षकाने ओळखलं होतं की वसतिगृहातल्या मुलांनाही स्वतःचं वर्तमानपत्र हवं, त्यांना उद्देशून कुणी रोज लिहायला हवं. आपल्या विद्यार्थ्यांच्या अहवालाचा वाचक कोण? एक अंतर्गत परीक्षक, एक बाह्य परीक्षक, आणि नंतर स्टोअररूम. हे बदलता येईल. २०१५ पासून शेतकऱ्यांना मृदा आरोग्य पत्रिका मिळतात. त्यातला सामू, सेंद्रिय कर्ब, स्फुरद, पालाश यांचे आकडे पुष्कळ घरांत न वाचता फळीवर पडून असतात. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने अशा एका पत्रिकेचा अर्थ त्या शेतकऱ्यासाठी एका पानात लिहायचा, आणि त्याला वाचून दाखवायचा. शेतकऱ्याने विचारलेला पहिला प्रश्नच सांगेल की लेखन कुठे कमी पडलं. अर्थशास्त्राच्या मुलीने आपल्या गावच्या ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक ग्रामसभेत वाचता येईल असं दोन पानांत मांडायचं. सामाजिक कार्य शिकणाऱ्याने वनहक्काच्या दाव्यासोबत काय काय जोडायचं हे पाड्यावरच्या माणसाला कळेल असं लिहायचं. यातलं प्रत्येक काम त्या त्या विषयाचंच आहे आणि फील्ड प्रोजेक्टच्या क्रेडिटमध्ये सहज बसतं.

अभ्यास मंडळांच्या सदस्यांना आता थेट विनंती करते. अभ्यासक्रमाची पुढची फेररचना होईल तेव्हा प्रत्येक विषयात वर्षाला निदान एक पेपर असा ठेवा, ज्यात अंतर्गत गुणांचा काही भाग पहिला मसुदा आणि त्याची सुधारणा यांना असेल. फील्ड प्रोजेक्टच्या मूल्यमापनात वहीला स्वतंत्र गुण ठेवा आणि पानांची किमान मर्यादा काढून टाका. चाळीस पानांची अट असेल तर तीस पानं उतरवलेलीच येणार. आपल्या विषयात चांगलं लेखन कसं दिसतं, याचे दोन-तीन खरे नमुने अभ्यासक्रमासोबत द्या. विद्यार्थ्यांचेच नमुने, त्यांच्या परवानगीने. मुलांनी चांगला अहवाल कधी पाहिलेलाच नसतो, आणि न पाहिलेली गोष्ट आपण त्यांच्याकडून मागत असतो.

प्राचार्यांच्या कानावर हे गेलं तर एक मागणी त्यांच्याकडेही. ग्रंथालयाच्या एका कोपऱ्यात दोन टेबलं लावून लेखन कक्ष सुरू करता येईल. तिथे वरच्या वर्गातली, नीट लिहिणारी मुलं बसतील आणि कुणीही आपला मसुदा घेऊन त्यांच्याकडे जाईल. ती मुलं चुका दुरुस्त करून देणार नाहीत, फक्त वाचतील आणि जिथे कळलं नाही तिथे तसं सांगतील. त्यांना मानधन कमवा व शिका योजनेतून देता आलं पाहिजे. त्या योजनेत आपण मुलांकडून बाग साफ करून घेतो, कपाटं लावून घेतो. वाचून समजावणं हे काम त्यात का नसावं? अहिराणी किंवा पावरी बोलणारा मोठा विद्यार्थी त्या टेबलावर असेल, तर जी मुलगी माझ्या केबिनच्या दारात घुटमळून परत जाते ती तिथे नक्की बसेल.

हे सगळं वरून परिपत्रक येईपर्यंत थांबवून ठेवायची गरज नाही. सेंट्रल कॉलेजमध्येही सुरुवात परिपत्रकाने झाली नव्हती. म्हणून शेवटी एक निमंत्रण देते. पुढचं सत्र सुरू व्हायच्या आधी, सुट्टीतल्या एखाद्या शनिवारी, आपण वेगवेगळ्या विषयांचे शिक्षक एक दिवस एकत्र बसू. भाषणं नकोत, सत्कार नको, पुष्पगुच्छ नकोत. प्रत्येकाने आपल्या विषयातल्या विद्यार्थ्याचा एक अहवाल आणायचा, नाव आणि मुखपृष्ठ काढून. तो दुसऱ्या विषयाच्या शिक्षकाने वाचायचा आणि जिथे अडखळला तिथे विचारायचं. दुपारनंतर प्रत्येक विषयाच्या गटाने मिनेसोटाचे ते तीन प्रश्न घेऊन एका पानाचा कच्चा आराखडा करायचा. ते पान अभ्यास मंडळाकडे जाईल.

जागा अमळनेर असावी असं मला वाटतं. सुरत-भुसावळ मार्गावर असल्याने नंदुरबार आणि जळगाव दोन्हीकडून गाडीने येता येतं, आणि धुळेकरांना रस्त्याने जवळ पडतं. तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांना प्रवासखर्च मिळावा, यासाठी काही जणांनी मिळून वर्गणी काढायची माझी तयारी आहे. ज्यांना यायला जमणार असेल त्यांनी आपल्या कॉलेजातल्या निदान एका वेगळ्या विषयाच्या शिक्षकाला सोबत आणावं.

आपली सहकारी,
वनस्पतिशास्त्राची एक शिक्षिका
यावल तालुका, जि. जळगाव